समोरच्या दारातले काका

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि ते माप ह्यांच्याकडे येतं. मापावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, एकेक दात लावायचा, मग मेण काढून तिथे पक्का गुलाबी मसाला भरायचा आणि घासूनपुसून चकचकीत करायचं, असं ते काम. आमचं लग्न ठरलं तेव्हा मावशीने माझ्या वडिलांना विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" वडील म्हणाले, "बाकीचे लोक दात पाडतात, हा बसवतो. घाबरण्यासारखं काही नाही."

बावीस वर्षं ह्यांनी एकाच लॅबमध्ये काम केलं. लॅब कसली, जिन्याखालच्या दोन खोल्या. डॉक्टर मापासोबत चिठ्ठी पाठवायचे, 'काकू फार बोलतात, जिभेला जागा ठेवा' किंवा 'आजोबांना पुढच्या महिन्यात नातवाचं लग्न आहे, लवकर द्या.' कधी पेशंट स्वतःच जिना उतरून यायचे आणि मेणाचे दात तोंडात धरून आरशात बघत बसायचे. मग लॅबच्या मालकाच्या मुलाने कॉम्प्युटरवर दात कोरणारं मशीन आणलं आणि हाताच्या कामाला कोणी विचारेना. त्याच सुमारास ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, बाहेरच्या देशात एका लॅबला हाताने कवळी लावणारा माणूस हवा आहे, तीन वर्षांचा करार. हे तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. घरात सासूबाई, लेक दहावीत, माझी शाळेत गणिताची नोकरी. सगळ्यांनी जाणं शक्यच नव्हतं. ह्यांनी एकट्यानेच जायचं ठरलं.

घरातही हे फारसं बोलणारे नव्हेत. मी बोलायची, सासूबाई बोलायच्या, लेक तर झोपेतही बोलते. हे मधे बसून ऐकायचे आणि एखादा हुंकार द्यायचे. त्यामुळे परक्या देशात ह्यांना एकटं वाटेल, अशी काळजी मला फार नव्हती. उलट सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्याला काय, भिंतीशेजारी बसवलं तरी चालेल."

रोज संध्याकाळी साडेपाचला मी शाळेतून यायची तेव्हा तिकडे दुपारच्या जेवणाची सुट्टी असायची. त्या वीस मिनिटांत आमचं बोलणं व्हायचं. हे लॅबच्या मागच्या जिन्यावर डबा घेऊन बसायचे. आत का नाही बसत, असं मी विचारलं तर म्हणाले, "आत सगळे आपापल्या जागेवर जेवतात. कानात काहीतरी घातलेलं असतं. मी घास चावला तरी आवाज येतो."

सुरुवातीला तिकडच्या गमती सांगायचे. लोक दोघंच असले तरी रांग करतात आणि मधे हातभर जागा सोडतात. लिफ्टमध्ये सगळे मजल्याच्या आकड्यांकडे बघतात, जणू निकाल लागतोय. दारं आपटत नाहीत, त्यामुळे शेजारी घरात आहे की नाही कळत नाही. कपडे धुवायची खोली इमारतीच्या तळघरात आहे. ह्यांचा वार गुरुवार. ह्यांच्या आधी जे कोणी असतं ते मशीन पुसून, टोपली सरळ करून जातं. "माणूस नीटनेटका आहे," हे म्हणाले. "बघितला नाही अजून." दुकानात मशीनवर आपलं आपण सामान दाखवायचं आणि शेवटी मशीनच धन्यवाद म्हणतं. एकदा ह्यांच्या तोंडून त्या मशीनला "असू दे" निघून गेलं. आम्ही तिघी फोनवर खूप हसलो. हे मात्र हसले नाहीत, असं मला नंतर आठवलं.

लॅबमध्ये मापं ज्या डब्यातून यायची त्यावर पेशंटचं नाव नसायचं, फक्त आकडा. सहा जणांच्या सहा टेबलांवर सहा दिवे, खाली मान घालून काम. हे म्हणायचे, "इथल्या लोकांच्या दाढा घासून सपाट झालेल्या असतात. दिवसा कोणी कोणावर चिडत नाही. झोपेत दात खातात."

एका सोमवारी फोनवर ह्यांचा आवाज फाटल्यासारखा आला. मी म्हटलं, "सर्दी झाली का?" म्हणाले, "नाही. शुक्रवारी तुझा फोन झाला, त्यानंतर आत्ताच बोलतोय." त्या शनिवार-रविवारी आम्ही एका लग्नाला गेलो होतो, त्या गडबडीत फोन राहून गेला होता. नंतर मी रोज एकच प्रश्न विचारायला लागले, "आज कोणाशी बोललात?" उत्तर यायचं, "कोणाशी नाही." मग मी गप्प, तेही गप्प, आणि वीस मिनिटांतली पाच अशीच जायची.

चौथ्या महिन्यात एके दिवशी ह्यांनी आपणहून सांगितलं, "समोरच्या दारात एक काका राहतात. ओळख झाली."

मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना हाक मारून सांगितलं. मग रोज काकांची चौकशी सुरू झाली. काका पंचाहत्तरीच्या पुढचे. एकटेच राहतात. आयुष्यभर सुतारकाम केलं. स्वभावाने हट्टी, मोडलेली वस्तू स्वतःच चिकटवतील पण दुसऱ्याकडे नेणार नाहीत. बोलताना जरा शिट्टी वाजते. कडक पाव खायचा सोस आहे आणि खाता येत नाही म्हणून चिडचिड. पुढे काकांचा गुडघा दुखायला लागला. सासूबाईंनी कोणतं तेल, किती कोमट, कसं चोळायचं ते सगळं मला लिहून घ्यायला लावलं आणि मी फोनवर वाचून दाखवलं. आठवड्याने हे म्हणाले, "तेल लावलं. फरक आहे म्हणाले." सासूबाई दिवसभर खुशीत होत्या. परदेशातला गुडघा बरा केला म्हणून दोन शेजारणींना सांगूनही आल्या.

लेकीला मात्र संशय होता. "बाबा, काकांचा फोटो पाठवा ना." हे म्हणाले, "त्यांना आवडत नाही." लेक मला म्हणाली, "आई, काहीतरी गडबड आहे." मी तिलाच ओरडले. मी गणिताची शिक्षिका. खोटं उत्तर आपल्याला लांबून दिसतं, असा माझा तेव्हा समज होता.

जवळजवळ दीड वर्षाने उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पाच आठवडे ह्यांच्याकडे जायचं ठरलं. काकांसाठी मी विटकरी रंगाचा मफलर विणला. सासूबाईंनी तेलाची बाटलीही दिली होती, ती विमानतळावर सामानात घेऊ दिली नाही.

ह्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, भिंतीलगत ओटा, एक खिडकी, एक टेबल आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीच्या पायाला दुकानाची चिठ्ठी लटकत होती, आदल्या दिवशीच आणलेली. ताट दुसरं, पेला दुसरा, दोन्ही नवे. म्हणजे इतके दिवस ह्या घरात दुसऱ्या माणसाला बसायला जागाच नव्हती. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी मफलर काढला आणि म्हटलं, "चला, आधी काकांना भेटून येऊ."

"बाहेरगावी गेलेत," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही काका बाहेरगावी. तिसऱ्या दिवशीही. समोरचं दार आमच्यासारखंच पांढरं, त्यावर नावाची पाटी नाही. पण चौथ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मला त्या दाराआड नळाचा आवाज आला. काका आले, म्हणून मी मफलर घेऊन गेले आणि घंटा वाजवली.

दार उघडलं ते एका तरुण बाईने. अंगात कसलासा गणवेश, केस ओले. मी माझ्या तोडक्यामोडक्या भाषेत म्हटलं, "काका आहेत?" तिला कळेना. मी वाकून, कमरेवर हात ठेवून म्हातारा माणूस करून दाखवला. ती हसली, मग मान हलवली. या घरात ती एकटीच राहते, सहा वर्षं झाली. पहाटे बस चालवायला जाते. म्हातारं कोणी नाही, या मजल्यावरच नाही. मी आमच्या दाराकडे बोट दाखवून म्हटलं, "माझे मिस्टर इथे राहतात." तिने दाराकडे पाहिलं. जरा ओशाळली.

"माफ करा हं," ती म्हणाली. "मला वाटायचं ते घर रिकामंच आहे."

मी आत येऊन नव्या खुर्चीवर बसले. मफलर मांडीवर. दुपारी काही खाल्लं नाही.

संध्याकाळी हे आले. दाराशी बूट काढायला वाकले तेवढ्यात मी म्हटलं, "अहो, समोर एक बाई राहते."

एक बूट काढून झाला होता, दुसरा तसाच राहिला. "भेटलीस?"

"भेटले. सहा वर्षं राहतेय म्हणे. बस चालवते."

"हो? बस चालवते?" ह्यांनी इतक्या कुतूहलाने विचारलं की माझा राग क्षणभर अडखळला. ह्यांना खरंच माहीत नव्हतं.

"काका कुठे आहेत?"

हे एका पायात बूट घालूनच खिडकीशी गेले. खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टरचा एक जबडा ठेवलेला होता. मी तो आल्या दिवशीच पाहिला होता आणि कामाची वस्तू म्हणून सोडून दिला होता. ह्यांनी तो उचलला आणि टेबलावर, माझ्यासमोर ठेवला.

"हे," ते म्हणाले.

मग ह्यांनी सगळं सांगितलं. चौथ्या महिन्यात एका डब्यात नवं माप आलं, सोबत नमुन्यासाठी जुनी कवळी. ती मधोमध मोडलेली आणि घरच्याच डिंकाने चिकटवलेली. पण काय सफाईने! पुढच्या दाताला बारीक खाच. अशी खाच कोणाला पडते? जे वर्षानुवर्षं दातात बारीक खिळे धरतात त्यांना. म्हणजे सुतार. एकाच बाजूच्या दाढा झिजलेल्या, कवळी मात्र रोज घासून लखलखीत. म्हणजे माणूस टापटिपीचा. आणि मोडली तेव्हा डॉक्टरांकडे न्यायला घरात कोणी नाही, म्हणजे एकटा. ह्यांनी कवळी करून पाठवली. दहा दिवसांनी डबा परत, 'पेशंट म्हणतात, खाली उजवीकडे टोचतं.' घासून दिली. पुन्हा परत, 'बोलताना शिट्टी वाजते.' पुढचे दात जरा आत घेतले. पुन्हा परत, 'पेशंट म्हणतात, दात फार सरळ आहेत, हे माझे वाटत नाहीत. पूर्वी एक तिरका होता, तो तिरकाच हवा.'

"बाकीच्यांनी कंटाळून दुसऱ्याकडे दिली असती," हे म्हणाले. "मला बरं वाटायचं. अख्ख्या देशात तेवढा एक माणूस माझ्याशी बोलत होता. काय टोचतं, काय आवडत नाही, सगळं सांगत होता."

चौथ्यांदा डबा परत आला नाही. ह्यांनी महिनाभर वाट पाहिली. मग लॅबच्या मुख्य बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "परत येत नाही म्हणजे चांगलं जमलं." जुने साचे फेकायच्या दिवशी ह्यांनी हा एक साचा विचारून घरी आणला.

मी ऐकून घेतलं आणि मग माझा बांध फुटला. "आणि ते तेल? आईंनी इतकं सगळं सांगितलं, लावलं म्हणालात! कोणाच्या गुडघ्याला लावलंत?"

"माझ्या," हे म्हणाले.

"तुमचा गुडघा दुखत होता?"

"फरक पडला पण."

मला हसू येत होतं आणि रडूही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार तरी कोणाला? "सरळ सांगायचं ना," मी म्हटलं, "की एकटं वाटतंय."

"सांगितलं होतं की. तू रोज विचारायचीस, आज कोणाशी बोललात. मी कोणाशी नाही म्हटलं की तू गप्प व्हायचीस. त्या गप्प होण्याची मला भीती वाटायला लागली. काका आल्यावर तू बोलायला लागलीस. आईसुद्धा फोनवर यायला लागली." मग म्हणाले, "मी काही मुद्दाम रचलं नाही. थोडं माहीत होतं, पुढचं आपोआप होत गेलं. समोरच्या दारात तेवढं मी आणून ठेवलं."

मी म्हटलं, सोडून द्या करार, माझ्याबरोबर घरी चला. ह्यांनी मान हलवली. घरी येऊन काय करू, तिथे हातांना काम नाही, असं म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

पण मफलरचं काय करायचं? मी तो परत न्यायला तयार नव्हते. ज्याच्यासाठी विणला त्याला मिळालाच पाहिजे, यावर अडून बसले. हे म्हणाले, नाव-पत्ता द्यायची परवानगी नसते. मी म्हटलं, नका देऊ, आकडा आहे ना? एक दिवस मी ह्यांच्याबरोबर लॅबमध्ये गेले. मुख्य बाई उंच, करड्या केसांच्या, बोलायला थोड्या पण वाईट नव्हेत. मी मफलर दाखवला, ह्यांनी अडखळत सगळं सांगितलं. बाई ह्यांच्याकडे बघतच राहिल्या. दीड वर्षात हे त्यांच्याशी एकदम इतकी वाक्यं कधी बोलले नव्हते. मग त्यांनी एक डबा काढला, त्यावर आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "डॉक्टरांकडे पाठवते. पुढचं माझ्या हातात नाही." ह्यांनी एक छोटं पत्र लिहून आत ठेवलं.

माझे पाच आठवडे संपले. विमानतळावर हे हात हलवत उभे होते. काच मधे होती. ओठ हलताना दिसले, पण ऐकू आलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारची गोष्ट मला फार उशिरा कळली. हे सकाळी बाहेर पडले, कोपऱ्यावर बस आली ती समोरच्या बाईचीच. त्या दिवशी तिची सुट्टीच्या दिवसाची पाळी असावी. ती म्हणाली, "नमस्कार." हे शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, उतरले, दहा मिनिटं थांबून त्याच बसमध्ये पुन्हा चढले. ती पुन्हा म्हणाली, "नमस्कार." असं ह्यांनी सहा वेळा केलं. कुठे जायचंय, असं तिने विचारलं नाही. तिकडे तसं विचारत नाहीत.

दीड-दोन महिन्यांनी दुपारच्या सुट्टीत ह्यांचा फोन आला, आवाज वेगळाच. "डबा आलाय. आत चिठ्ठी आहे. थांब, वाचतो." आणि जिन्यावर बसून ह्यांनी वाचून दाखवलं.

"मफलर मिळाला. उबदार आहे. दात नीट बसलेत, परवा सफरचंद खाल्लं, कित्येक वर्षांनंतर. तिरका दात पाहून माझी बहीण म्हणाली, आता तू तू दिसतेस. एक सांगायचं राहिलं. तुम्ही पत्रात 'महाशय' लिहिलंय, पण मी बाई आहे. चाळीस वर्षं कारखान्यात खुर्च्यांना कापड ठोकलं. खिळे दातात धरायची सवय तिथलीच. आता बहिणीकडे दुसऱ्या गावी राहायला जाते आहे. तुमच्या बायकोला सांगा, रंग मला शोभतो."

मी पोट धरून हसले. गुडघ्याचं खरं सासूबाईंना मी सांगितलंच नव्हतं; चिठ्ठीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे गुडघा बाईचा होता? मग तेल वेगळं सांगितलं असतं." हेही हसले, फोनवर मी ह्यांना इतकं हसताना पहिल्यांदा ऐकलं. मग हसणं थांबलं.

"इतकं बघितलं मी त्या तोंडात," हे म्हणाले. "आणि एवढंही कळलं नाही."

"मग आता काकूंना पत्र लिहा," मी म्हटलं. ह्यांनी लिहिलं, पुन्हा त्याच वाटेने. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, त्याचंही नाही. तिसरं मी लिहू दिलं नाही.

करार संपेपर्यंत आणखी सव्वा वर्ष होतं. ते ह्यांनी पुरं केलं. मी रोजचा तो प्रश्न विचारणं सोडून दिलं. त्याऐवजी माझ्या वर्गातली भांडणं, सासूबाईंचे वाद, लेकीची नाटकं, सगळं इत्थंभूत सांगायची. हे डबा खात ऐकायचे. कधीकधी दोन्हीकडून नुसतं चावल्याचा आवाज यायचा आणि ते चालायचं.

हे परत आले तेव्हा सगळी नातेवाईक मंडळी घरी जमली. "कसं होतं तिकडे?" प्रत्येकाने विचारलं. हे प्रत्येकाला म्हणाले, "चांगलं. स्वच्छ." पहिले काही दिवस कोणी न सांगता घरात शिरलं की हे दचकून उभे राहायचे. कोणी खांद्यावर हात टाकला की अंग चोरायचे. माझा भाऊ म्हणाला, "दाजींना परदेशचं वारं लागलं, भाव खायला लागले." मी त्याला काही समजावलं नाही. दातांच्या कण्या करूनही कळलं नसतं.

आता हे एका डॉक्टरांकडे आतल्या खोलीत काम करतात. काम थोडंच असतं, पण हाताचं असतं. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन गच्चीवर जातात आणि तासभर एकटे बसतात. आधी मला राग यायचा. तीन वर्षं एकटे राहून पोट भरलं नाही का, असं मी एकदा बोलूनही गेले. कधीकधी मीही वर जाते. जिना चढताना मुद्दाम पाय वाजवते, म्हणजे दचकत नाहीत. हे सरकून जागा देतात. खाली कोणाचा तरी कुकर होत असतो, कोणीतरी मुलांना रागावत असतं. आम्ही बोलत नाही. मग खालून सासूबाई हाक मारतात, दोनदा, तीनदा, आणि माझ्याआधी हेच ओ देतात.